डावो पाय सरळ ठेव रे म्हाराजा

परत आल्यापासून स्टाफरूममध्ये एकच प्रश्न चालू आहे, "मग, झालं का शिकून?"

नाही झालं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी यशाच्या आशेने शेवटपर्यंत वाचायला नको. विमानातून उडी मारून एकटीने खाली यायला शिकण्याचा हा माझा तिसरा हिवाळा. माझ्याबरोबर सुरुवात केलेले सगळे परवाने घेऊन कधीच मोकळे झाले. मी अजून विद्यार्थिनीच आहे. शेचाळीस वर्षांची, बार्शीच्या एका शाळेत भूगोल शिकवणारी, आणि गावात "ती विमानातून पडणारी बाई" म्हणून ओळखली जाणारी.

या नादाला लागले ती रागाने. एकदा सहलीत मैत्रिणींच्या आग्रहाने मी अशी उडी मारली होती. मागे एक माणूस पट्ट्यांनी बांधलेला, सगळं तोच करणार, आपण फक्त किंचाळायचं. खाली आल्यावर सगळ्या टाळ्या वाजवत होत्या आणि मी संतापले होते. मला पोत्यासारखं वरून खाली आणलं होतं. त्याच दिवशी ठरवलं, यायचं तर आपलं आपण यायचं.

शिकण्याच्या पायऱ्या असतात. मी अडकलेय त्या पायरीवर दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी तुम्हाला धरून उडी मारतात आणि हवेत असतानाच सोडून देतात. सुटल्यावर पोटावर स्थिर राहायचं, बस. मला सोडलं की मी भोवऱ्यासारखी फिरायला लागते. दोन हिवाळे नुसती फिरले. यंदा आमच्या प्रशिक्षकांनी शिबिर सिंधुदुर्गात ठेवलं, किनाऱ्यापासून थोडं आत, एका सड्यावरच्या लहानशा धावपट्टीवर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. जानेवारी संपत आला होता. रजा टाकली आणि निघाले.

कुडाळ

कुडाळ स्टेशनवर उतरले तेव्हा आठवडी बाजाराची गडबड होती. रिक्षावाल्याने माझी बॅग बघून विचारलं, "मालवणाक? किल्लो बघूक?"

"नाही, सड्यावर. विमानातून उड्या मारतात तिथे."

"बघूक?"

"मारायला."

त्याने आरशात माझ्याकडे नीट पाहिलं, पांढरे केस, चष्मा, सुती साडी, आणि रिक्षा सुरू केली. वाटेत एकदाच बोलला, "घराकडे सांगून इलात मां?"

माझी राहायची सोय सड्याखालच्या वाडीत शालन परब यांच्याकडे होती. त्या आणि त्यांचे यजमान बाबल, दोघंच. मुलं नोकरीला बाहेर. घराभोवती काजू मोहरलेले, अंगणात सुपाऱ्या वाळत घातलेल्या. मी काळ्या मातीतली. आमच्याकडे या दिवसांत ज्वारी कंबरेच्या वर असते आणि पाणी मोजून वापरतात. इथे विहिरीचं पाणी पाटाने माडांच्या बुंध्याशी वाहत होतं आणि कोणी बघतही नव्हतं. मला उठून पाट बंद करावासा वाटला.

पहिल्याच जेवणात फजिती झाली. ताटात पेडवे होते, बोटाएवढे, केसासारख्या काट्यांनी भरलेले. आमच्याकडे मटण झालं की सण. मासा म्हणजे तलावातला, मोठ्या काट्यांचा. मी शेंगेसारखा पेडवा तोंडात टाकला आणि काटा घशात बसला. शालनवहिनींनी घाईघाईने भाताचा मोठा गोळा करून हातात दिला. "चावू नकात, तसोच गिळा!"

गिळला. डोळ्यांतून पाणी आलं.

"उद्या तुमका वालीची भाजी करतंय," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले. "उद्या परत पेडवेच."

बाबलभाऊंनी बायकोकडे पाहिलं. "हट्टी आसा गो ही," ते म्हणाले. माझ्यासमोरच.

सड्यावर

मतलई वारे आणि खारे वारे मी किती वर्षं फळ्यावर काढले असतील! सकाळी जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे, बाणांच्या दिशा उलट्या. त्या बाणांवर कोणाचं नशीब टांगलेलं असेल असं कधी वाटलं नव्हतं. सड्यावर सगळं त्यांच्यावरच चालतं. सकाळी वारा मंद, तेवढ्यात शिकाऊ लोकांनी उडून घ्यायचं. ऊन तापलं की समुद्राकडून वारा उठतो, निशाण ताठ होतं आणि उड्यांच्या यादीतून आमची नावं पुसली जातात. पहिला दिवस असाच बसून गेला. विमान जरासं बिघडलं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत वारा आला.

निखिल आमचा मुख्य प्रशिक्षक. नाशिकचा, माझ्या पहिल्या तुकडीतल्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. मला मॅडम म्हणतो, पण शिकवताना गय करत नाही. शिबिरात मीनलही होती, पुण्याची दातांची डॉक्टर. तिने उड्या मारायला सुरुवात केली ती याच शिबिरात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहिली पायरी चढली, आणि त्याच सकाळी माझी पाळी आली.

त्या विमानात खुर्च्या नसतात. पाठीवर पॅराशूट, समुद्र जवळ म्हणून गळ्यात फुगणारं जाकीट, मनगटावर उंची दाखवणारा काटा, आणि सगळे गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर. दार उघडलं की बोलणंच संपतं. मी उडी मारली. डावीकडे निखिल, उजवीकडे दुसरा प्रशिक्षक. सगळं ठीक. मग दोघांनी सोडलं.

समुद्र, सडा, नदी, समुद्र, सडा, नदी. इतक्या वेगाने की नकाशाच फिरतोय असं वाटलं. निखिलने झेप घेऊन माझा पट्टा पकडला आणि मला थांबवलं. मी पॅराशूट उघडलं, पण डोकं गरगरत होतं. कानातल्या रेडिओवर "उजवीकडे, मॅडम, उजवीकडे" ऐकू येत होतं आणि मी डावीकडची दोरी ओढत होते. तेवढ्यात समुद्राचा वारा लवकर उठला. सडा मागे राहिला. खाली हिरवंगार काहीतरी झपाट्याने वर येऊ लागलं.

वायंगण

ते वायंगणाचं शेत होतं. पावसाळा संपल्यावर ओढ्याच्या पाण्यावर इकडे जे दुसरं भात घेतात, ते वायंगण. मी गुडघाभर चिखलात बसले. पॅराशूट माझ्यावर येऊन पडलं. त्याच्या आतूनच मला आवाज ऐकू आला.

"गो बाय माझे! खंयसून पडलंस गो तू?"

कापड बाजूला केलं तर बांधावर एक म्हातारी, काष्टा घातलेली, कमरेवर दोन्ही हात.

"वरून," मी म्हणाले.

"ता माका दिसता! लागला काय?"

"नाही."

"नाय ना? मग भायर ये. कालच लावणी झालली माझी!"

मी मागे वळून पाहिलं. माझ्या बसण्याने आणि दोऱ्यांनी भाताचा एक पट्टाच्या पट्टा आडवा झाला होता. मी माफी मागितली.

"माफी घेवन काय करू? लाव."

तर मी लावलं. निखिलची जीप येईपर्यंत, उडीचा निळा पोशाख गुडघ्यापर्यंत वर करून, रोपं एकेक करून चिखलात खोचत होते. बोटांनी धरायचं कसं आणि दाबायचं कसं ते ती बांधावरून ओरडून सांगत होती. जीपमधून निखिल उतरला आणि तसाच उभा राहिला.

"मॅडम, चला."

"थांब," म्हातारीच त्याला म्हणाली. "कोपरो पुरो होवंदे."

परतताना जीपमध्ये निखिलने हेल्मेट काढून मागच्या सीटवर ठेवलं. मग म्हणाला, "मॅडम, राग मानू नका. सगळ्यांना जमतंच असं नाही. तुम्ही मनापासून प्रयत्न केलेत. एक छान टँडम उडी मारा, मी स्वतः मागे असतो, व्हिडिओ काढू, आणि आनंदाने घरी जा."

"पोतं म्हणून?"

"तसं नाही..."

"निखिल, मला जमेल असं मी कधी तुला म्हणाले का? मी येणार एवढंच म्हणाले होते. येतेय."

तो हसला नाही. "मला जबाबदारी असते. तुम्ही अशाच फिरत राहिलात आणि मी पकडायला चुकलो तर? आणखी एक उडी देतो. पुन्हा फिरलात तर मी तुम्हाला पुढे नेणार नाही. हे शिबिरही नाही, पुढचंही नाही."

त्याचं बरोबर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी म्हणाले, "व्हिडिओ दाखव."

त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात मी होते. हात बरोबर, मान वर, कंबर खाली. सोडल्या क्षणी डावा पाय गुडघ्यात मुडपत होता, कोंबडीसारखा. दोन हिवाळे मला सगळे "रिलॅक्स, रिलॅक्स" सांगत होते. शत्रू एवढासा होता, आणि माझ्याच कमरेखाली.

अंगण

त्या दुपारपासून शालनवहिनींच्या अंगणातलं बाकडं माझं झालं. त्यावर पोटावर पडायचं, हात पसरायचे, छाती उचलायची, पाय हवेत ताणायचे. घरून नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी अशीच होते. "पडलीस का?" त्याने विचारलं. "शेतात," मी म्हणाले. "पीक कसं आहे तिकडे?" तो म्हणाला. आमचं असंच चालतं.

शालनवहिनी विहिरीवरून येता-जाता थांबत.

"ह्या काय चल्ला?"

"डावा पाय सरळ ठेवायचाय. मला कळत नाही कधी मुडपतो ते."

"मी बघतंय."

आणि त्या खरंच बघू लागल्या. सुपाऱ्या सोलत ओट्यावर बसायच्या आणि पाय मुडपला की ओरडायच्या, "डावो पाय!" कपडे वाळत घालताना ओरडायच्या. एकदा तर पिळलेला टॉवेलच पोटरीवर बसला. "परत वाकडो!" बाबलभाऊ चहा पीत हे बघत होते. "आमची शालन पंचवीस वर्सां माका सरळ करता हा," ते म्हणाले, "तुमचो पाय काय घेवन बसलात?"

संध्याकाळी मी त्यांना बार्शीहून आणलेली शेंगांची चटणी दिली. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर. बाबलभाऊंनी चाखली, डोळे मिटले, आणि दुसऱ्या दिवशी डबा स्वतःच्या उशाशी ठेवला. त्या बदल्यात मला रोज पेडवे मिळत होते. काटे काढायला शिकले. तेही हळूहळूच.

मालवण

मधल्या एका दिवशी सकाळपासूनच वारा होता. मीनल म्हणाली, मालवणला जाऊ. बंदरावर होड्या लागल्या होत्या, वाळूवर बांगडा मासळीचे ढीग, आणि कोळणी अशा बोली लावत होत्या की भांडण चाललंय असं वाटावं. आमच्या बाजार समितीत अडते कुजबुजतात, इथे बायका गर्जतात. मला ते फार आवडलं. समोर पाण्यात किल्ला. मीनलने आम्हा दोघींसाठी सोलकढी घेतली.

तिने त्या आठवड्यात माझी पायरी पार केली होती, एका झटक्यात. ती चांगली मुलगी आहे. मला तिचा हेवा वाटत होता, आणि ते लपवायची मला काही गरज वाटत नाही.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही निकालाचा विचारच करू नका. प्रवास एन्जॉय करा. तोच खरा."

"मला प्रवास नकोय गं," मी म्हणाले. "प्रवास झाला माझा पुष्कळ. मला हवेत सरळ राहायचंय. मला निकालच हवाय."

"पण मग इतके दिवस... उमेद कशी राहते?"

मी विचार केला. पुस्तकातली वाक्यं मला माहीत आहेत, वर्गात भिंतीवर लावलेली आहेत. त्यातलं एकही खरं नव्हतं.

"उमेद राहत नाही," मी म्हणाले. "ती जाते. मी राहते."

आम्ही बांगड्यांची बोली ऐकत बसलो.

देऊळ

निखिलने सांगितलं, उद्या सकाळी वारा पडेल, तुमची उडी उद्या. मी घरी हे सांगितल्यावर बाबलभाऊ उठले, टोपी घातली, म्हणाले, "चला बाईनू, देवळात. गाऱ्हाणा घालूया."

मी देवाकडे फारसं काही मागत नाही. पण पाहुणी होते. गेले. वाडीतली पाच-सहा माणसं जमली, देवळाच्या पायरीशी उभी राहिली. बाबलभाऊंनी देवापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि त्यांचा आवाजच बदलला, घुमटातून आल्यासारखा.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"ही बाई लांबच्या मुलखातसून तुझ्या हद्दीत इली आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिका विमानातसून उडी मारूचा खूळ लागला आसा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात.

"तर तिका तू बरी बुद्धी दी, आणि ह्यो नाद सोडवन सुखरूप घराकडे धाड रे, म्हाराजा!"

"थांबा," मी म्हणाले.

सगळे थांबले. गाऱ्हाण्यात कोणी मध्येच बोलत नसावं. बाबलभाऊंचे हात जोडलेलेच होते, फक्त मान माझ्याकडे वळली.

"बुद्धी आहे माझ्याकडे," मी म्हणाले. आवाज वर्गातला निघाला. "नादही सोडायचा नाहीये. माझ्या नावाने मागताय, तर मला हवंय ते मागा."

मागे कोणीतरी खोकलं. मला वाटलं, आपण या माणसांचा अपमान केला.

बाबलभाऊंनी सावकाश विचारलं, "मगे काय मागू?"

"डावा पाय सरळ राहू दे. बस."

देवळाच्या ओट्यावरून शालनवहिनींचं हसू फुटलं. मग आणखी कोणाचं. बाबलभाऊ मात्र हसले नाहीत. देवाकडे वळले, पुन्हा हात नीट जोडले, आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने म्हणाले, "बा देवा रवळनाथा! आधीचा माझा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल. ह्या बाईचो डावो पाय सरळ ठेव रे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतक्या माणसांनी एका पायासाठी एवढ्या जोरात काही मागितलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

वर

सकाळी निशाण खाली लोंबत होतं. विमान वर चढत गेलं तसा किनारा उघडत गेला. कर्ली नदीचं पाणी वळणं घेत समुद्राकडे निघालेलं, वायंगणाचे हिरवे तुकडे, आणि लांब पाण्यात किल्ला, फळ्यावरून पडलेल्या खडूच्या तुकड्याएवढा. मला भीती वाटत होती का? हो. ती कधी गेलीच नाही. मी तिला आता काही विचारत नाही.

दार उघडलं. निखिलने डोळ्यांत बघून मान हलवली. उडी.

वाऱ्याचा तो आवाज, पोटाखाली काहीच नाही. काटा बघितला. हात पसरलेले, कंबर खाली. उजवीकडचा हात सुटला. मग डावीकडचा.

समुद्र सरकायला लागला.

पुन्हा! डोक्यात एवढंच आलं. दोन हिवाळे, रजा, चिखल, आणि पुन्हा तेच. आणि मग मला प्रचंड राग आला, समुद्राचा, त्या सरकण्याचा. मी मनात नाही, तोंडाने ओरडले, वाऱ्यात, "डावो पाय!" आणि पाय ताणला. सगळा जीव त्या एका पायात घालून ताणला.

समुद्र थांबला.

समोर क्षितिज, आडवी सरळ रेघ. सडा खाली, नदी डावीकडे, सगळं आपापल्या जागी. निखिल समोर तरंगत होता, हात मागे घेतलेले, मला न धरता. मी कोणाच्याही हाताशिवाय पडत होते, आणि स्थिर होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. काटा खाली आला, मी हात मागे नेला, ओढलं, आणि माझं माझं पॅराशूट उघडलं.

उतरले ती बसूनच. सड्यावरच्या सुक्या गवतात दहा पावलं घसरत गेले. निखिल आधीच खाली होता, धावत आला.

"फिरायला लागला होतात," तो म्हणाला.

"हो."

"तुम्ही थांबवलंत."

"मी थांबवलं."

"पास, मॅडम." मग त्याने निशाणाकडे पाहिलं, ते अजून लोंबतच होतं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "वारा नाहीये अजून. पुढची पायरी आजच बघायची?"

शहाण्या माणसाने इथे थांबावं, विजय घेऊन पेजेला जावं.

"बघू," मी म्हणाले.

पुढच्या पायरीवर फक्त निखिलच बरोबर असतो. तो सोडतो, आणि आपण मुद्दाम डावीकडे पाव फेरी वळून थांबायचं. मी सुटले, सरळ राहिले, त्याने डावीकडे बोट दाखवलं, मी उजवीकडे वळले. पाव फेरीवर थांबायचं होतं, अर्धी झाली, पाऊण झाली, निखिल माझ्या मागून समोर येईपर्यंत मी वळतच होते. उंचीचा काटा खाली आला. ओढलं. खाली उतरले, या वेळी पायांवर, एका गुडघ्यावर टेकत.

निखिल पॅराशूट ओढत आला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"मॅडम, डावीकडे सांगितलं होतं."

"हो."

"तुम्ही उजवीकडे गेलात. आणि थांबलाच नाहीत."

"हो. पण या वेळी मला कोणी फिरवलं नाही. मी वळले."

त्याने जरा विचार केला. "नापासच करावं लागेल," तो म्हणाला.

"कर की," मी म्हणाले. "नव्या पायरीवर कर." आणि गवतात पसरलेलं कापड मी दोन्ही हातांनी छातीशी गोळा करायला लागले.